दुपारचे खवय्ये

भांडी आवरून, ओटा पुसून टीव्हीपुढं टेकायची आपली वेळ झी मराठीनं बरोबर हेरली होती. 2007 पासून कितीतरी वर्षं दुपारी 'आम्ही सारे खवय्ये' आमच्या बेळगावकडच्या घरांतसुद्धा चाललं. लोक त्याला पाककृतीचा कार्यक्रम म्हणतात. मला तो पहिल्यापासून थट्टामस्करीचा, गप्पांचाच वाटत आला. पदार्थ हे निमित्त.

गप्पा मारणारे प्रशांत दामले. ज्या नटानं 2022 साली 12,500 वा नाट्यप्रयोग केला, त्याला समोरच्याचा नुसता श्वाससुद्धा कळतो. कॅमेऱ्यापुढं पहिल्यांदा उभी राहिलेली बाई प्रमाण सांगता सांगता अडखळते. तेवढ्यात हे कढईत डोकावून काहीतरी बोलतात, ती हसते आणि तिचा हात सुटतो. संजीव कपूर 'खाना खजाना'त शिकवायचे तेव्हा आपण वही-पेन घेऊन बसायचो. इथं शिकवणारी आपल्यातलीच, आणि प्रश्न विचारणारा पुरुष. एवढा मान दुपारच्या टीव्हीनं बायकांना दुसरीकडं कुठं दिला? मालिकांत तर स्वयंपाकघर म्हणजे कटकारस्थानाची जागा!

पण त्याच हशानं एक नुकसानही केलं. 'कुणाकडून शिकलात?' म्हटलं की बाई 'सासूबाईंकडून' म्हणते. आता खरं काहीतरी ऐकायला मिळणार, त्या कशा होत्या, हिला पहिल्या दिवशी काय करायला लावलं, असं वाटतं तोवर सासू-सुनेवरचा विनोद येऊन पडतो. बाई हसते, फोडणी तडतडते, उत्तर तिथंच राहतं. नवरा बरोबर आला असेल तर बघायलाच नको. आणि शेवटी चमचा तोंडात गेला की कौतुक ठरलेलं. पाहुण्यानं नावं ठेवू नयेत, मान्य आहे हो. पण घरी आमटी एवढीशी खारट झाली तरी ऐकून घेणाऱ्या आपण, ते कौतुक ऐकताना मनातल्या मनात मीठ चाखतोच की.

आपल्यापुरतं बोलायचं तर असल्या कार्यक्रमांत जैन स्वयंपाक एका वाक्यात संपतो: कांदा-लसूण वगळा. म्हणजे उरलेलं ते जैन! बटाट्याऐवजी कच्चं केळं कधी आणि किती उकडायचं, पावसाळ्यात पीठ तीनच दिवसांचं आणि थंडीत सात दिवसांचं का, कच्च्या दह्यात डाळीचं काही का मिसळायचं नाही, दिवस मावळायच्या आत घरभराची पानं कशी वाढून व्हायची, यातलं एकही त्या वगळण्यात येत नाही. हे सगळं येणाऱ्या बाया आपल्याकडं घरोघरी होत्या. महाराजांच्या आहारासाठी चौका लागला की त्या तोंडातून शब्द न काढता रांधायच्या. अन्नावर थुंकी उडू नये म्हणून. खुणेनं मीठ, खुणेनं पळी. हसू आलं तर पदर तोंडात! दामल्यांना त्या चुलीपुढं उभं केलेलं बघायला मला फार आवडलं असतं. शब्दावाचून विनोद जमणारा नट आहे तो. आणि तिथं त्यांना बघावं लागलं असतं, नुसतं बघावं.

पुढं 2021 मध्ये 'किचन कल्लाकार' आलं. त्यात दामलेच महाराज. (आपल्या कानाला तो शब्द तिथं जरा टोचतोच.) आता ओट्याशी नट-नट्या, आणि विनोद कशावर, तर त्यांना स्वयंपाक येत नाही यावर. पोळीचा नकाशा झाला की हशा. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण जिची पोळी टम्म फुगते ती बाई या खेळात कुठंच नव्हती. ती आता समोर बसून बघत होती.

तिला परत बोलवायचं असेल तर विनोद करू नका असं मी म्हणणार नाही. फक्त 'सासूबाईंकडून' म्हणाल्यावर थोडं थांबा. कणीक मुरायला पंधरा-वीस मिनिटं लागतातच, तेवढा वेळ तिला बोलू द्या.