श्रोता आणि सहकारी : भाषेच्या निवडीविषयी

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तिथे गेलो की एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. एकाच घरातल्या इतक्या जणांना रचना करावीशी का वाटली? गोणाई आणि राजाई यांच्या नावांवरचे अभंग नामदेवांच्या गाथेत छापले जातात. त्याच घरात राबणाऱ्या जनाबाईंचे अभंग तर आजही जात्यावर आणि दिंडीत म्हटले जातात.

संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजांना नागदेवाचार्यांनी थांबवले, कारण स्वामींचा साधा परिवार त्याला मुकला असता, असे ‘स्मृतिस्थळ’ सांगते. आपली समीक्षा मराठीच्या स्वीकाराकडे बहुधा याच अंगाने पाहते : लोकांना समजावे म्हणून मराठी. हे खरे, पण अपुरे आहे. नामदेवांच्या घरात ऐकणारेच रचणारे झाले, याचा उलगडा त्यातून होत नाही.

हा भेद मला संगणकाच्या क्षेत्रात अधिक स्पष्ट दिसला. ‘फिश’ हा संगणकाला लिखित आज्ञा देण्याचा मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, प्रोग्रॅम. तो ‘सी प्लस प्लस’ या भाषेत लिहिलेला होता आणि वापरणाऱ्याला त्याची कसलीच अडचण नव्हती. तरीही कर्त्यांनी तो ‘रस्ट’ भाषेत उतरवला. २०२५ची चौथी आवृत्ती त्यातून आली. कारणे तांत्रिकही होती, पण जुन्या भाषेमुळे नवे सहकारी मिळेनात, हे कारण त्यांनी उघडपणे मांडले होते. थोडक्यात, भाषा वापरणाऱ्यासाठी नव्हे, लिहू इच्छिणाऱ्यासाठी बदलली.

मात्र केवळ भाषेने माणसे येत नाहीत. कामाचा तुकडाही एका माणसाच्या आवाक्यातला हवा. ‘फिश’चे रूपांतर टप्प्याटप्प्याने झाले, मधल्या काळात दोन्ही भाषा एकत्र नांदल्या. अभंगाचेही तसेच आहे. ज्ञानेश्वरीसारखी टीका रचायला सवड आणि व्यासंग लागतो. अभंग दळणकांडण करता करता पुरा होऊ शकतो.

याची किंमतही मोजावी लागते. संगणकावर प्रत्येक बदलासोबत कर्त्याचे नाव आणि तारीख नोंदली जाते. अभंगात फक्त नाममुद्रा असते, आणि ‘नामा’ ही मुद्रा पुढे इतरांनीही वापरली. विष्णुदास नामा यांच्या रचना गाथेत मिसळल्या आणि अभ्यासक आजही त्या निवडत बसले आहेत. ही निवड आवश्यकच आहे. पण तिला ‘शुद्धीकरण’ म्हणण्याला माझा आक्षेप आहे. त्या शब्दाने नंतर आलेले सगळे हात मळके ठरतात. ते हात आले, हेच त्या भाषानिवडीचे यश होते. नामदेवांनी संस्कृत निवडली असती तर गाथेची संहिता कदाचित निर्विवाद राहिली असती, पण जनाबाईंचे नाव आपल्याला कवयित्री म्हणून ठाऊक नसते.