'कॅक्टस हॉटेल': पाहुण्यांची ओळख होते, यजमानाची?

ब्रेंडा गिबर्सन यांनी लिहिलेले व मेगन लॉइड यांनी चित्रे काढलेले 'कॅक्टस हॉटेल' हे इंग्रजी चित्रपुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाले. सजीवांचे परस्परावलंबन शिकवताना त्याचा कितपत उपयोग होईल, या दृष्टीने आम्ही ते वाचले.

पुस्तकाचा नायक आहे सग्वारो. अ‍ॅरिझोना व उत्तर मेक्सिकोतील सोनोरन वाळवंटात वाढणारा हा निवडुंग १२ ते १५ मीटर उंच होतो आणि त्याला वर वळलेल्या फांद्या फुटतात. पालो व्हर्दे या झाडाखाली एक बी रुजते, रोप मोठे होते, सुतारपक्षी खोडात ढोली कोरतो, मग घुबडे व इतर प्राणी वस्तीला येतात. सुमारे २०० वर्षांनी खोड कोसळते, तरी विंचवासारख्या जमिनीवरच्या प्राण्यांना त्याचा आसरा मिळतच राहतो. इतकी संथ वाढ मुलांना 'दिसेल' अशी मांडणे सोपे नाही. ते येथे उत्तम साधले आहे.

आमचे आक्षेप दोन आहेत. पहिला वयाविषयी. अमुक वर्षी अमुक उंची, असा ठरावीक क्रम कथेत येतो. प्रत्यक्षात वाढ पाऊस व जागा यांवर अवलंबून असते. पहिली फांदी बऱ्या पावसाच्या ठिकाणी ५० ते ७५ वर्षांनी, तर कोरड्या ठिकाणी १०० वर्षांनीही फुटते. शिक्षकांनी ही आकडेवारी पाठ करून घेऊ नये.

दुसरा आक्षेप महत्त्वाचा. 'हॉटेल' म्हटले की लक्ष पाहुण्यांकडे जाते आणि झाड नुसती इमारत ठरते. सग्वारो स्वतः जगतो कसा, हे मागे पडते. त्याच्या खोडाला उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की उथळ, दूरवर पसरलेली मुळे पाणी शोषतात, चुण्या उलगडतात आणि खोड फुगते. पुढे महिनोन्‌महिने ते पाणी पुरवून वापरले जाते. बहुतेक वनस्पतींची रंध्रे दिवसा उघडतात, याची रात्री. रात्रीच्या गारव्यात घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा रंध्रे मिटून प्रकाशसंश्लेषण करायचे, अशी ही काटकसर आहे.

म्हणजे सग्वारोला 'काहीच लागत नाही', हा समज चुकीचा. त्याला निचऱ्याची जमीन लागते, उन्हाळी पाऊस लागतो, लहानपणी ऊन व थंडी अडवणारे दाई-झाड लागते. तापमान दिवसभर गोठणबिंदूखाली राहिले तर तो मरू शकतो. आणि त्याला गार रात्रीही लागतात. २०२३ च्या जूनअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले, रात्रीही उकाडा हटला नाही आणि पाऊसही रुसला. तेव्हा तेथील अनेक सग्वारोंच्या फांद्या गळाल्या, काही मुळासकट कोसळले. इमारत म्हणून पाहणाऱ्याला याचे कारण उमगणार नाही. रात्री श्वास घेणारी वनस्पती म्हणून पाहणाऱ्याला लगेच उमगेल.

पुस्तक वर्गात जरूर वाचावे, पण सोबत एक कृती करावी. कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून त्याची नळी करावी. ती आवळलेली असताना आणि उलगडल्यावर आत किती वाटाणे मावतात, ते मोजावे. कागद तेवढाच राहतो, पोकळी मात्र वाढते. खोडाची साल न फाटता पाणी कसे मावते, हे मुलांना आपोआप कळेल.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या कुंपणांवरचा, पांढरा चीक येणारा त्रिधारी निवडुंग सग्वारोसारखा दिसला, तरी तो कॅक्टस कुळातला नव्हे, एरंडाच्या कुळातला. फड्या निवडुंग मात्र कॅक्टसच, आणि तो मूळचा अमेरिकेतला. सारख्या अडचणींतून दोन वेगळ्या कुळांनी सारखाच मार्ग काढला, हे या पुस्तकाच्या निमित्ताने मुलांसमोर ठेवता येईल.