ध्वनिछायेची कसोटी

‘जर्नल ऑफ द अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका’मध्ये १९९५ साली कीथ अ‍ॅटनबरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. मोकळ्यावर आवाज कसा पसरतो हे संगणकावर काढायच्या पद्धती त्यात एकमेकींशी ताडून पाहिल्या आहेत. असा निबंध कुणी रसिकतेने वाचायला घेत नाही. पण काय सांगायचं आणि काय टाळायचं याचं भान ठेवून केलेलं लेखन ज्याला आवडतं, त्याने हा जरूर वाचावा.

तोवरच्या दहाएक वर्षांत या पद्धतींचं पीक आलं होतं. किरणपद्धत आवाजाची वाट रेषेने आखते. ‘फास्ट फील्ड प्रोग्राम’ आणि ‘पॅराबोलिक इक्वेशन’ या पद्धती तरंगाचं समीकरणच सोडवायला घेतात. समुद्रातल्या ध्वनीसाठी वापरात असलेल्या या पद्धती पुढे हवेसाठी घेतल्या गेल्या. दोन पद्धतींची उत्तरं जुळली नाहीत, तर खोट पद्धतीत आहे की प्रोग्राम लिहिण्यात, हे कसं ठरवायचं? लेखकांनी सरळ सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली.

ती प्रश्नपत्रिकाच या निबंधाचं सौंदर्य आहे. जमीन सपाट. आवाजाचा स्रोत ५ मीटर उंचीवर, ऐकणारा १ मीटरवर. वारंवारता तीनच: १०, १०० आणि १००० हर्ट्झ. अंतरं दोन: २०० मीटरपर्यंत आणि १० किलोमीटरपर्यंत. जमीन खर्जाला टणक, वरच्या सुराला मऊ. वातावरणं चार: पहिल्यात ध्वनीचा वेग सगळीकडे सारखा, दुसऱ्यात उंचीबरोबर वाढणारा, तिसऱ्यात घटणारा, चौथ्यात आधी वाढून मग घटणारा. झाडं, टेकड्या, इमारती, वाऱ्याचे झोत यांतलं काहीही नाही.

तिसरं वातावरण जरा थांबून वाचावं. इथे दर मीटर उंचीला ध्वनीचा वेग सेकंदाला ०.१ मीटरने कमी होतो. जमिनीलगत तो ३४३ आहे, म्हणजे किरण साधारण ३४३० मीटर त्रिज्येच्या कमानीत वर वळतात. दिलेल्या उंची घालून गणित केलं की कळतं, सुमारे २७० मीटरनंतर ऐकणाऱ्यापर्यंत एकही किरण पोहोचत नाही. तिथून ध्वनिछाया सुरू होते. आता ती दोन अंतरं पुन्हा पाहा: २०० मीटरचा आलेख छायेच्या अलीकडेच संपतो, १० किलोमीटरचा तिच्यात खोल शिरतो. छायेत किरणपद्धतीचं उत्तर शून्य. पण आवाज हा तरंग आहे, तो कडेने वळून आत झिरपतोच, आणि तरंगलांबी जितकी मोठी तितका जास्त. १० हर्ट्झची तरंगलांबी ३४ मीटर, १००० हर्ट्झची ३४ सेंटिमीटर. त्यामुळे खर्ज छायेत दूरवर टिकतो आणि वरचा सूर झपाट्याने बुडतो.

हे तरंगपद्धतींना जमतं, पण फुकट नाही. पॅराबोलिक इक्वेशनमध्ये तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढं पाऊल टाकायचं असा ढोबळ रिवाज आहे. त्या हिशेबाने १००० हर्ट्झला १० किलोमीटर गाठायचे तर २,९०,००० च्या आसपास पावलं होतात, आणि प्रत्येक पावलाला हवेचा अख्खा उभा स्तंभ सोडवावा लागतो. एवढं करून निष्कर्ष काय, तर या दोन तरंगपद्धती चारही वातावरणांत आकडेमोडीच्या अचूकतेइतक्या जुळतात. जिथे कागदावरचं नेमकं उत्तर उपलब्ध आहे, तिथे त्याच्याशीही जुळतात. किरणपद्धत बाद होत नाही. ती कुठवर चालते याची हद्द आखून मिळते.

मला सगळ्यात भावते ती लेखकांनी सारांशातच दिलेली कबुली: प्रत्यक्ष मोजलेल्या आवाजाशी तुलना करण्याचा इथे प्रयत्न नाही. खऱ्या हवेत खळबळ असते, ती छायेतही आवाज विखरून टाकते. या सुबक वातावरणांत तिला जागा नाही. काहींना हा उणेपणा वाटेल. मला वाटतं, हाच निबंधाचा कणा आहे. समीकरण बरोबर सुटलं का आणि समीकरण बरोबर होतं का, हे दोन प्रश्न वेगळे. पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय दुसरा विचारण्यात अर्थ नसतो.

म्हणून एखाद्या रस्त्याच्या किंवा पवनचक्कीच्या आवाजाचा अंदाज सांगणारा अहवाल हाती आला, तर शेवटच्या डेसिबलच्या आकड्याकडे धाव घेऊ नका. आधी दोन गोष्टी विचारा: कोणती हवा गृहीत धरली, आणि ही पद्धत कोणत्या कसोटीला उतरली आहे?