‘मी डोलकर’ : द्वंद्वगीतातील लय, पट्टी आणि भाव

प्रस्तावना :
महाविद्यालयीन पातळीवर मराठी गीतांचा अभ्यास बहुधा कवितेच्या अंगाने होतो. गीतातील प्रतिमा, बोली आणि आशय यांची चिकित्सा केली जाते. ते कोणत्या लयीत व कोणत्या पट्टीत गायिले जाते, हा प्रश्न मात्र संगीत विभागाकडे सोपविला जातो. या विभागणीमुळे गीताच्या भावाचे आकलन अपुरे राहते. शांता शेळके (१९२२–२००२) यांचे ‘मी डोलकर’ हे गीत याचे ठळक उदाहरण होय. हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेले हे चित्रपटबाह्य गीत लता मंगेशकर व हेमंत कुमार यांनी गायिले आहे. त्याची बोली कोळ्यांची असली तरी ते लोकगीत नव्हे. नागर कवयित्री व संगीतकार यांनी लोकधाटणीत घडविलेले ते द्वंद्वगीत आहे.

लय आणि श्रम :
‘डोल’ या जाळ्याने मासेमारी करणारा तो डोलकर. गीताचा ठेका सहा मात्रांचा, कोळीगीतांत रूढ असलेला व चालता आहे. जलद लय म्हणजे आनंद, असे सरधोपट समीकरण मांडून या गीतास केवळ उल्हासगीत ठरविले जाते. वास्तविक त्यात दर्याचा अभिमान व कोळी तरुणीचा नखरा यांबरोबरच समुद्राच्या दराऱ्याचे आणि डोंगराएवढ्या लाटांचेही वर्णन आहे. छापील पानावर हे कडवे वेगळ्या भावाचे भासते. गाताना मात्र लय संथ होत नाही. यामागे श्रमाचा न्याय आहे. भय वाटले म्हणून वल्हे थांबविता येत नाही. भय गतीच्या पोटात सामावून घेणे, हाच या गीताचा भाव होय.

समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्यातील वाचकास हा न्याय अपरिचित नाही. जात्याच्या खुंट्याला हात लावून समोरासमोर बसलेल्या दोघी एकमेकींची ओवी उचलून धरीत, तेव्हा लय ठरे ती जात्याच्या फेऱ्याने. सासुरवासाचे दुःख असो वा भावाचे कौतुक, फेरा तोच राही. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचे वाचनही म्हणूनच केवळ शब्दांवर थांबू नये.

पट्टी आणि नाते :
द्वंद्वगीतात स्त्री व पुरुष यांच्या आवाजांना एकच षड्ज मानावा लागतो. दोघांच्या सोयीच्या पट्ट्या भिन्न असल्याने ही तडजोडच असते. पंडित जसराज यांनी ‘जसरंगी’ जुगलबंदीत मूर्च्छनेच्या तत्त्वावर दोघांना आपापला षड्ज व वेगवेगळे राग देऊन हा पेच सोडविला. तमाशात झीलकरी आपला आवाज चढवून गाण्याला साथ देतात. ‘मी डोलकर’मध्ये यांपैकी कोणताही मार्ग नाही. हेमंत कुमार यांचा खर्जाकडे झुकणारा, घुमारदार आवाज आणि लता मंगेशकर यांचा वरच्या स्वरांत सहज फिरणारा आवाज एकाच षड्जाभोवती आपापली जागा घेतात. त्यामुळे संवाद जुळतो, पण दोन्ही व्यक्तिमत्त्वे एकमेकांत विरून जात नाहीत. याच संगीतकाराने ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटातील ‘गोमू संगतीनं’ या द्वंद्वगीतात हेमंत कुमार यांच्यासमवेत आशा भोसले यांचा आवाज योजिला; तेथे आर्जव व नकार यांचा खेळ प्रधान ठरतो. गायिकेच्या आवाजाची जात बदलताच नात्याचा रंग कसा बदलतो, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

मर्यादा :
गीताची मोहकता हीच त्याची मर्यादाही आहे. चाल इतकी आकर्षक आहे की श्रोत्याचे लक्ष दराऱ्याच्या कडव्यावर ठरत नाही. स्नेहसंमेलनांत हे गीत नृत्यासाठी निवडले जाते आणि पुष्कळदा त्याची गती आणखी वाढविली जाते. परिणामी डोलकराचे कष्ट मागे पडतात व रंगीत वेशभूषा तेवढी उरते.

निष्कर्ष :
लय ही भावाची सजावट नसून भावाची अट असते आणि पट्टी ही दोन व्यक्तींच्या नात्याची मांडणी असते, हे ‘मी डोलकर’ सिद्ध करते. म्हणून गीत अध्यापनासाठी निवडताना ते वर्गात ऐकविले जाणे आवश्यक आहे. केवळ वाचलेले गीत अर्धेच शिकविलेले असते.