धर्माचे नाव आणि मराठी गद्याची साक्ष

एकोणिसाव्या शतकातील स्त्रीजीवनविषयक मराठी लेखनाला आपल्या वाङ्मयेतिहासांनी 'सुधारणावादी वाङ्मय' असा एक स्वतंत्र कप्पा करून दिला आहे. त्यातील लेखकांच्या सद्हेतूची वाखाणणी करावयाची आणि कलादृष्ट्या त्यांना थोडे उणे ठरवावयाचे, असा जणू प्रघातच पडून गेला आहे. हा निर्णय अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कायदा आणि व्याख्यान यांना जे साधले नाही ते या लेखनाने कसे साधले, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

केशवपनाचेच उदाहरण घ्यावे. नवरा मेलेल्या मुलीचे केस तिच्या इच्छेविरुद्ध काढावयाचे, तिला आयुष्यभर एकभुक्त ठेवावयाचे आणि मंगलकार्यात तिचे दर्शन टाळावयाचे, हा उघड अत्याचार होय. परंतु भाषेने त्याला 'संस्कार' म्हटले, त्या मुलीला 'सोवळी' म्हटले आणि तिच्या उपासमारीला 'व्रत' म्हटले. 'अमक्या घरच्या सुनेचे केशवपन झाले,' असे लोक सहज बोलत. व्याकरणदृष्ट्या या वाक्यात केशवपन हाच कर्ता. आज्ञा देणारा, हात धरणारे आणि वस्तरा चालविणारा यांपैकी कोणीही त्या वाक्यात नाही. धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेचे खरे बळ येथे आहे. ती हिंसा करणाराला वाक्यातून बाहेर काढते. वाङ्मयाने काय केले, तर त्याला पुन्हा वाक्यात आणून बसविले.

हे काम एका दमात झाले नाही. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध केली. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष लोटले होते. यमुना व तिचा पती विनायक प्रवास करतात आणि त्यांना ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकावयास मिळतात. तोवर घराच्या माजघरात कोंडलेले दुःख या कादंबरीने प्रथमच गावोगावचे म्हणून एकत्र मांडले, हे तिचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु लेखकापाशी उत्तर आधीच तयार होते. पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले होते आणि त्यांची नायिकाही अखेरीस त्याच धर्मात आश्रय घेते. त्यामुळे अत्याचाराचा प्रश्न हा कोणता धर्म बरा, या प्रश्नात विरून जातो. ज्या विधवेला धर्म बदलावयाचा नव्हता, तिने काय करावे, याला त्या पुस्तकात उत्तर नाही.

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) या पुस्तकात मात्र भूमिकाच पालटते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला १८८१ साली अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली, तिला बुलढाण्याच्या या बाईंनी उत्तर दिले. अशा अभागी स्त्रियांसाठी जोतीराव फुल्यांनी १८६३ सालीच पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रश्न किती जुना होता हे कळते. ताराबाई दयेची याचना करीत नाहीत. त्या उलटतपासणी घेतात. बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, तसा बायकोसाठी गेलेला एक तरी पुरुष दाखवा, असे त्यांचे आव्हान आहे. नियम कोणी केले आणि कोणाच्या सोयीसाठी केले, हे विचारताच 'संस्कार' या शब्दामागचा कर्ता उघडा पडतो. त्यांची भाषा घरगुती, फटकळ आणि वेगवान आहे. तिच्यात बांधेसूदपणा नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु संतापलेल्या माणसाने आधी वाक्ये घोटून घ्यावीत, अशी अपेक्षा करणारा टीकाकार त्या संतापाचे कारण विसरला आहे. जोतीरावांनी या पुस्तकाची बाजू घेतली. पण पुढे ते इतके विस्मृतीत गेले की, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत बहुतेक अभ्यासकांना त्याची वार्ताही नव्हती. हा विसर आपल्या वाङ्मयाभिरुचीवर काही प्रकाश टाकतो.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून १८९० सालापासून क्रमशः येऊ लागली. तिची निवेदिका यमू आपली कथा स्वतःच सांगते. बालपणीचे खेळ, सासरचा जाच, मुंबईच्या बिऱ्हाडातील वाचनाचे चार सुखाचे दिवस, हे सारे ती इतक्या साधेपणाने सांगते की, वाचक तिच्या घरातलाच होऊन जातो. मग रघुनाथराव जातात आणि तिच्यावर केशवपनाचा प्रसंग ओढवतो. तो आणणारे कोणी परके राक्षस नाहीत. शंकरमामंजींसारखी, तोंडाने धर्म बोलणारी आणि आचरणाने पोकळ अशी घरचीच माणसे ती आहेत. आपट्यांनी येथे शास्त्रार्थ केला नाही. ज्या मुलीला आपण लहानाची मोठी होताना पाहिले, तिच्याच डोक्यावर वस्तरा फिरतो. त्यानंतर 'संस्कार' हा शब्द वाचकाच्या तोंडून निघत नाही. यालाच कला म्हणावयाचे नसेल, तर कला कशाला म्हणावे? उणीव एवढीच की, यमूला दुःख सांगता येते, ताराबाईंसारखा जाब विचारता येत नाही. पुरुषलेखकाची सहानुभूती येथवर पोचली आणि थांबली.

त्याच १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवून विधवांच्या केशवपनाला नकार दिला, ही गोष्ट कादंबरीच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. वस्तरा धरणाऱ्याने आपण या वाक्यातले एक कर्ते आहोत हे ओळखले. शास्त्रार्थ करणाऱ्या कित्येक विद्वानांना तेवढेही जमले नव्हते.

हा सर्व गतकाळ झाला, असे म्हणून चालणार नाही. १९८७ साली राजस्थानातील देवराला गावी एक तरुण विधवा पतीच्या चितेवर जळाली. तेव्हाही 'सती गेली' असेच शब्द वापरले गेले आणि त्या वाक्यातही जाळणारा कोठे नव्हता. आपल्या सीमाभागात, सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या नावाने मुली सोडण्याची चाल होती. ती बंद करण्यासाठी कर्नाटकाला १९८२ साली आणि महाराष्ट्राला २००५ साली कायदा करावा लागला. तेथेही शब्द होता 'देवाला वाहिली'. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ साली, म्हणजे यमुनेच्या पर्यटनानंतर एकशेपासष्ट वर्षांनी.

अत्याचाराविरुद्ध बोलणे म्हणजे श्रद्धेशी वैर धरणे नव्हे. पदमनजींनी धर्म बदलला, ताराबाई व आपटे यांनी तसे केले नाही. तरी तिघांनीही अत्याचाराला अत्याचारच म्हटले. श्रद्धावंताला याचे भय वाटण्याचे कारण नाही. ज्याला आपले नाव वाक्यात येऊ द्यावयाचे नाही, त्यालाच ते वाटते.

आपण शिक्षक मंडळी ही पुस्तके वर्गात शिकवितो, तेव्हा 'तत्कालीन रूढींचे चित्रण' एवढे एक उत्तर मुलांकडून घोकून घेतो. रूढी हाही एक बुरखाच आहे. रूढी कोणाचे केस काढीत नाही, माणसे काढतात. यापुढे प्रश्नपत्रिकेत 'रूढीचे वर्णन करा' असे न विचारता 'हे कोणी केले?' असे विचारावे. उत्तर देताना विद्यार्थ्याला कर्ता शोधावा लागेल, आणि या तिन्ही लेखकांना तेच हवे होते.