अष्टप्रधानांची नेमणूक : न्या. रानडे यांच्या मताची तपासणी

न्या. महादेव गोविंद रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयाविषयींचा इंग्रजी ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील शिवछत्रपतींच्या मुलकी कारभारावरील प्रकरणाचा प्रभाव आपल्या अभ्यासकांवर अद्याप कायम आहे; पुष्कळदां मूळ ग्रंथाचें नांवही न घेतां त्यांतील मतें सिद्ध झालेल्या गोष्टी म्हणून सांगितलीं जातात. त्या प्रकरणाचा आशय असा कीं, महाराजांनीं राज्यांतील वरिष्ठ अधिकार कर्तृत्व पाहून दिले व एकही अधिकार वंशपरंपरेचा होऊं दिला नाहीं. पुढें शाहू महाराजांच्या कारकीर्दींत हा दंडक सुटला आणि त्यामुळें राज्याची एकी गेली. न्यायमूर्तींच्या थोर बुद्धीविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. तथापि उपलब्ध साधनांशीं ताडून पाहतां हें मत जसेंच्या तसें टिकत नाहीं, असें आम्हांस नम्रपणें म्हणावयाचें आहे.

प्रथम या मताची बळकट बाजू पाहूं. सेनापतीच्या पदाविषयीं न्यायमूर्तींचें म्हणणें अगदीं बरोबर आहे. नेताजी पालकर १६६६ सालीं दूर झाला व त्याचे जागीं प्रतापराव गुजर आला. प्रतापराव १६७४ च्या फेब्रुवारींत नेसरीस पडला, तेव्हां तें पद हंबीरराव मोहित्यांकडे गेलें. तीन पुरुष, तीन घराणीं. बापामागून मुलगा असा प्रकार नाहीं. पेशवाईसंबंधानेंही शामराज नीळकंठ रांझेकर यास दूर करून मोरोपंत पिंगळे यास आणलें, यांत कर्तृत्वाचीच कसोटी दिसते.

परंतु लेखणीचे अधिकार पाहिले म्हणजे चित्र पालटतें. निळो सोनदेवाकडे मुजुमदारी होती. १६७४ सालीं राज्याभिषेकसमयीं फारसी नांवें जाऊन संस्कृत नांवें आलीं, तेव्हां त्याच अधिकारावर, अमात्य या नांवानें, त्याचा पुत्र रामचंद्र निळकंठ उभा आहे. ही गोष्ट शाहूच्या काळची नव्हे, खुद्द महाराजांच्या डोळ्यांदेखतची आहे. मोरोपंत १६८० सालीं वारला व पेशवाई त्याचा पुत्र निळोपंत याजकडे गेली. पुढें शाहूचा पेशवा झालेला बहिरोपंत हाही पिंगळेच. न्यायाधीश निराजी रावजीचा पुत्र प्रल्हाद निराजी यास जिंजीस राजाराम महाराजांनीं प्रतिनिधि केलें. पद नवें, पण घर जुनें. सारांश, महाराजांच्या काळीं तरवारीचीं पदें एका रीतीनें व लेखणीचीं पदें दुसऱ्या रीतीनें भरलीं जात. कारणही उघड आहे. दप्तराची माहिती, मोडीचें वळण आणि हिशेबाची रीत हीं त्या काळीं घरांतच शिकावयाचीं होतीं. त्यांची दुसरी शाळा नव्हती.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत अमात्य कोणास करावें यावर सात पूर्वाचार्यांचीं मतें क्रमानें दिलीं आहेत. भारद्वाज सहाध्यायी घ्यावे म्हणतो. विशालाक्षास भय वाटतें कीं, एकत्र खेळलेले लोक राजास जुमानणार नाहींत, म्हणून राजाचीं गुह्यें जाणणारे घ्यावे. गुह्यांचा फास दोहोंकडून बसतो, असें सांगून पराशर प्राणसंकटीं उपयोगी पडलेल्यांस पुढें करतो. पिशुनाच्या मतें ती निष्ठा झाली, बुद्धि नव्हे. नेमल्या कामांत उत्पन्न वाढवून दाखवील तो योग्य. कौणपदन्त पितृपैतामह, म्हणजे वंशपरंपरेचे सेवक पसंत करतो. वातव्याधि उत्तर देतो कीं, असे लोक सर्वस्व ताब्यांत घेऊन स्वतःच धनी होऊन बसतात, म्हणून नवे माणूस घ्यावे. आणि बाहुदन्तीपुत्र म्हणतो कीं, नव्या माणसास शास्त्र ठाऊक असलें तरी काम पाहिलेलें नसल्यामुळें तो घोटाळा करील. कौटिल्य शेवटीं एकाचाही पक्ष सर्वस्वीं न स्वीकारतां, ज्याचें सामर्थ्य ज्या कामीं दिसेल त्या मानानें अधिकार वांटावे, मात्र असे सर्वजण अमात्य करावे, मंत्री नव्हे, असा निर्णय देतो. हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. न्यायमूर्ती १९०१ च्या जानेवारींतच निवर्तले. तो त्यांच्या हातीं पडता, तर वंश व कर्तृत्व यांची इतकी सरळ फाळणी त्यांनीं केली नसती, असें आमचें अनुमान आहे. फाळणी उचलणाऱ्या आजच्या लेखकांस मात्र ती सबब नाहीं.

मग बिघाड कोठें झाला? आमच्या मतें तो निवडींत नसून मोबदल्यांत झाला. राज्याभिषेकाच्या वेळच्या व्यवस्थेंत पेशव्यास सालीना १५,००० होन, अमात्यास १२,००० व इतर प्रधानांस १०,००० होन अशी रोख नेमणूक सांगितली आहे. ज्यास रोख वेतन मिळतें, त्यास दूर करतां येतें. म्हणून अमात्याचा मुलगा अमात्य झाला तरी पद धन्याचेंच राहिलें. १६८९ नंतर मोंगलांशीं झुंजतांना राजाराम महाराजांजवळ खजिना नव्हता. मुलूख तोडून देण्यावांचून गत्यंतर नव्हतें. मुलूख व पद एकत्र होतांच पद काढणें म्हणजे मुलूख काढणें झालें, आणि तें लढाईवांचून होईना. सेनापतीचें पददेखील या मार्गानें गेलें. धनाजी जाधवामागून त्याचा पुत्र चंद्रसेन. पुढें खंडेराव दाभाडे, त्यामागून त्रिंबकराव. आणि १७३१ सालीं डभईस त्रिंबकराव पडल्यावर त्याचा अल्पवयी भाऊ यशवंतराव.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें चालत आलेल्या आज्ञापत्राचा या दृष्टीनें पुन्हां विचार व्हावयास पाहिजे. प्रधान पारखून घ्यावा व वतनदार बळावूं देऊं नये, असा त्याचा उपदेश. तो करणारा पुरुष स्वतः पित्याच्या अधिकारावर आलेला, आणि त्याच्या वंशाकडे बावड्याची जहागीर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राहिली. प्रतिनिधींचें औंध आणि सचिवांचें भोर यांचीही कथा तीच. यास कोणी ढोंग म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. दोष ज्याच्या घरांत होता, त्यानेंच तो इतका स्पष्ट सांगितला, हें त्या ग्रंथाचें मोल आहे.

न्यायमूर्तींच्या मतांतील दुसरी उणीव साधनांच्या वाचनाची आहे. पदाचीं वस्त्रें केव्हां मिळालीं, हें कागद सांगतात. तीं कां मिळालीं, हें बहुधा सांगत नाहींत. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथ, १७२० सालीं मसूरच्या मुक्कामीं एकोणीस वर्षांचा बाजीराव, १७४० सालीं नानासाहेब, या सर्वांस तींच वस्त्रें झालीं. १७७४ सालीं पुरंदरावर चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसही तींच आलीं. वस्त्रांच्या यादीवरून बाजीराव व तान्हें मूल यांत भेद करतां येणार नाहीं. तो भेद करावयाचा तर प्रतिस्पर्धी कोण होता, त्याची भीड कोणीं घातली, धन्यानें काय तोललें, हें पाहिलें पाहिजे. १७४० सालीं रघूजी भोसल्यानें बाबूजी नाईक बारामतीकरांचा पक्ष घेतला होता. म्हणजे मुलाचा हक्क तेव्हांही निर्विवाद नव्हता. ज्यास आपण वंशपरंपरा म्हणतों, ती दर पिढीस पुन्हां जिंकावी लागत होती.

रानड्यांनीं अष्टप्रधानांची तुलना आपल्या काळच्या हिंदुस्थान सरकारच्या कार्यकारी मंडळाशीं केली होती. ती तुलना आज पुढें नेली तर कांहीं शिकवण मिळते. १८५५ सालीं लंडनांत मुलकी नोकरीची स्पर्धापरीक्षा सुरू झाली व १८६३ सालीं सत्येंद्रनाथ ठाकूर हे तींत निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ ठरले. वंशाचा प्रश्न परीक्षेनें सोडविला. पण परीक्षा नोकरीचें दार उघडते, वरच्या पायऱ्या नव्हेत. केंद्र सरकारच्या सचिवपदावर कोणास बसवावें याचा निर्णय पंतप्रधान व गृहमंत्री यांची नेमणूक समिति करते. सचिवास दरमहा २,२५,००० रुपये रोख वेतन आहे, मुलूख नाहीं. म्हणून पद काढून घेतां येतें. ही महाराजांचीच रीत होय. बाहेरचे तज्ज्ञ घ्यावे कीं नाहीं, हा वाद मात्र वातव्याधि व बाहुदन्तीपुत्र यांच्या ठिकाणींच आहे. २०१८ सालीं सहसचिवांच्या दहा जागांसाठीं सरकारनें बाहेरून अर्ज मागविले. २०२४ च्या ऑगस्टांत लोकसेवा आयोगाची ४५ जागांची जाहिरात, राखीव जागांचा प्रश्न उठतांच, तीन दिवसांत मागें घेतली गेली. आणि नेमणुकीचा हुकूम आजही केवळ नांव व पद सांगतो. ज्यांचीं नांवें मागें पडलीं त्यांचा विचार कसा झाला, हें पुढच्या संशोधकास त्या हुकुमावरून कळणार नाहीं.

म्हणून आमच्या संग्राहक वाचकांस एक विनंति आहे. शिक्क्याची सनद मिळाली म्हणजे ती आपण जपतों, छापतों. तिच्याच रुमालांतील नजराण्याच्या याद्या, कारकुनांच्या बातम्या, मध्यस्थांचीं पत्रें आणि पद न मिळालेल्यांच्या तक्रारी किरकोळ म्हणून बाजूस राहतात. निवडीची हकीकत याच कागदांत आहे. रुमाल सोडतांना ते सनदेपासून वेगळे करूं नयेत, त्यांची नोंद सनदेबरोबरच करावी, आणि सनद छापावयाची तर निदान त्यांचा गोषवारा सोबत द्यावा. असे पन्नास रुमाल प्रकाशांत आले, म्हणजे रानड्यांचें मत कितपत खरें व आमचें कितपत खरें, याचा निकाल लागेल. तोंवर अष्टप्रधानांचीं पदें केवळ गुणांवर भरलीं जात, हें वाक्य लिहिण्यापूर्वीं लेखकांनीं रामचंद्र निळकंठाचा बाप कोण होता, एवढें तरी पाहावें.