बटण दाबताच थांबणारी गाडी

कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ एप्रिल १९९८ रोजी, पुण्यात बी. एस. तथा भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय लोकांसाठी उघडले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण मालवणच्या किनाऱ्यावरून शाळेची सहल पुण्याला गेली की मुलांच्या मनात या दोन रेल्वे शेजारी शेजारी येऊन उभ्या राहतात. आमच्या मुलांच्या मनात त्या आल्या, आणि त्यातून जो प्रश्न निघाला त्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

एका माणसाच्या छंदातून एवढे वैभव उभे राहावे याचे कौतुक आधी नोंदवले पाहिजे. वाफेची, डिझेलची, विजेची इंजिने, सिग्नल, उड्डाणपूल, डोंगर चढणारी गाडी, सर्कस असे एक अख्खे शहरच तिथे मांडलेले आहे. घरातल्या खोलीत रूळ अंथरून बसणारे छांदिष्ट आपल्याकडे थोडे. त्यांतही आपला छंद इतरांच्या मुलांसाठी खुला करणारे फारच थोडे. सांधा बदलला की गाडी दुसऱ्या मार्गाला लागते, पुढचा मार्ग मोकळा नसेल तर सिग्नल लाल राहतो, ह्या गोष्टी पुस्तकातील आकृतीवरून मुलांच्या गळी उतरत नाहीत. इथे त्या दोन मिनिटांत कळतात. तेवढ्यासाठीही सहल फुकट गेली असे आम्ही म्हणणार नाही.

तक्रार आहे ती आमच्यासारख्या शिक्षकांबद्दल. आपण मुलांना प्रतिकृती दाखवतो आणि ती कुठे खरी, कुठे खोटी हे सांगायचे विसरतो.

आमच्याबरोबरच्या एका सातवीच्या मुलाने परतताना विचारले, "गुरुजी, बटान दाबल्याबरोबर ती गाडी थांबता. मगे वैभववाडीची कित्याक थांबली नाय?" २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे जाणारी विशेष गाडी रुळावर आलेल्या दरडीच्या दगडांवर आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता.

त्याचे उत्तर आम्हांला लगेच देता आले नाही. नंतर कागद घेऊन बसलो.

छंदासाठीच्या छोट्या रेल्वेत सर्वांत रूढ प्रमाण आहे ते 'एचओ', म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याचे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबवायची तर सुमारे एक किलोमीटर लागतो असे धरू. त्याचा ८७ वा हिस्सा साडेअकरा मीटर. म्हणजे छोटी गाडी प्रामाणिक असेल तर बटण दाबल्यावर ती साडेअकरा मीटर धावली पाहिजे, वर्गाची एक भिंत ओलांडून पुढच्या वर्गात! पण तसे होत नाही. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग ८७ पट कमी केला आणि ब्रेकचा जोर तेवढाच ठेवला, तर अंतर ८७ गुणिले ८७, म्हणजे ७५६९ पटींनी कमी होते. किलोमीटरचे होतात अवघे १३ सेंटिमीटर. ब्रेकचा जोर तेवढाच का राहतो? कारण चाक आणि रूळ यांतील घर्षण वजनावर ठरते, वजन गुरुत्वाकर्षणावर, आणि गुरुत्वाकर्षण काही आपल्या टेबलावर ८७ पटींनी लहान होत नाही. लांबी लहान करता येते. पृथ्वीची ओढ नाही.

मुलाला सांगायचे ते हे. वैभववाडीच्या गाडीचा चालक झोपलेला नव्हता की बटण दाबायचे राहिले नव्हते, हे त्याला पटायला हवे. रात्री, पावसात, डोंगर कापून केलेल्या वाटेत दिव्याच्या झोतात जेवढे दिसते ते अंतर थांबण्याच्या अंतरापेक्षा खूपच कमी असते. सिग्नलचे काय, असे तो विचारीलच. रुळांतून सोडलेला सिग्नलचा क्षीण प्रवाह गाडीची लोखंडी चाके जोडतात आणि गाडी आल्याचे कळते. दगड तो प्रवाह जोडत नाही. म्हणून कोकण रेल्वेला नंतर उतार सौम्य करणे, जाळ्या बसवणे, गस्त वाढवणे आणि पावसाळ्यात गाड्या हळू चालवणे हे उपाय करावे लागले. पावसाळी वेळापत्रकाने गाडी उशिरा पोचते म्हणून कुरकुर करणाऱ्या मोठ्यांनाही हे १३ सेंटिमीटरचे गणित घालायला हरकत नाही.

जाणकार छांदिष्टांना हे खोटेपण चांगले ठाऊक असते. ते इंजिनात छोटे जडचक्र बसवतात किंवा वीज हळूहळू कमी करतात, म्हणजे गाडी डौलाने थांबते. पाहणाऱ्याला मात्र हे कोणी सांगत नाही.

दुसरी एक चूक त्याहून बारीक आहे. एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर असतात. त्याला ८७ ने गुणा, १४३५ मिलिमीटर येतील. हे झाले युरोपातील अंतर. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६, म्हणजे छोट्या रुळांत ते १९.३ मिलिमीटर हवे. भारतीय रंग दिलेले डबे १६.५ च्या रुळांवर उभे केले की ते थोडे परके दिसतात ते यामुळेच.

वळणांची गोष्ट तर शाळेच्या मैदानातच दाखवता येते. घरातल्या छोट्या रेल्वेचे वळण पुष्कळदा ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे असते. खऱ्या जगात ते ३१ मीटर होईल. एवढ्या चिमट्या वळणावर माथेरानची गाडी वळेल, मांडवी एक्स्प्रेस नव्हे. कोकण रेल्वेची वळणे १२५० मीटर त्रिज्येहून तीव्र ठेवायची नाहीत असे आखणीतच ठरले होते, म्हणून तर डोंगराला वळसा न घालता आरपार जावे लागले आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणावा लागला. १२५० चा ८७ वा हिस्सा १४ मीटर ३७ सेंटिमीटर. मैदानात खुंटी रोवून तेवढ्या दोरीने फक्कीचा कंस काढावा आणि मुलांना त्यावरून चालायला सांगावे. शेजारी ३६ सेंटिमीटरचे वर्तुळ काढावे. मोठ्या कंसावर चार पावले चालणाऱ्याला आपण वळतो आहोत हे कळतच नाही. चढाचेही असेच: कोकण रेल्वेचा चढ १५० ला १, म्हणजे तीन मीटरच्या फळीचे एक टोक फक्त दोन सेंटिमीटर उचलायचे. गोटी सोडली की ती घरंगळते, डोळ्यांना मात्र फळी सपाटच वाटते.

दोरीसाठी आमच्याकडे रापणीची जुनी दोरी सहज मिळते. ती आधी दोघांनी ताणून धरावी आणि मगच मोजावी. सैल मोजली तर कंस शेवटी जुळत नाही. आमचा पहिल्या खेपेला नाही जुळला.